निद्रा, मोह आणि योग : आमगांवच्या निमित्तानें एक टिपण

नागपुराहून रायपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गोंदियाच्या पुढें आमगांव स्टेशन लागतें. हा मुलूख पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा निराळा झाला तेव्हां तो त्यांत आला. वाघ नदीचें खोरें, भाताच्या बांध्या आणि झाडीपट्टीचें रान एवढेंच प्रवाशाच्या दृष्टीस पडतें. परंतु संशोधकांस या गांवाचें महत्त्व वाटतें तें त्याच्या शेजारच्या पदमपुरामुळें. भवभूतीनें आपल्या प्रस्तावनांत पूर्वजांचें स्थान म्हणून ज्या पद्मपुराचा उल्लेख केला आहे तें हेंच, असें मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं साधार मांडलें. दुर्ग ताम्रपट या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अपुऱ्या वाकाटक लेखाच्या आरंभीं पद्मपुराचें नांव आहे, ही त्या मताची एक मोठी बळकटी होय. सर्वच विद्वानांनीं तें स्वीकारलें आहे असें नव्हे. तथापि याहून सबळ पुरावा असलेलें दुसरें स्थळ अद्याप कोणी पुढें आणलेलें आम्हांस ठाऊक नाहीं, म्हणून तूर्त आम्ही तें धरून चालतों.

भवभूतीचें स्मरण येथें निव्वळ स्थलाभिमानानें केलेलें नाहीं. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत भिंतीवरील चित्रें पाहून सीता थकते. मागील विरहाच्या आठवणीनें भ्यालेलीहि असते. राम तिला आपल्या बाहूची उशी देतो, आणि तिच्या स्पर्शानें स्वतःची जी अवस्था झाली तिचें नांव काय, असा त्यास प्रश्न पडतो. सुख कीं दुःख, मूर्च्छा कीं झोंप, अंगांत विष भिनत आहे कीं मद चढत आहे, असे पर्याय तो एकामागून एक मोजतो व त्यांतील एकहि निश्चयानें सांगतां येत नाहीं म्हणतो. रसिकांनीं या श्लोकाची वाखाणणी शृंगार व करुण यांच्या अंगानें पुष्कळ केली आहे. आमचें लक्ष निराळ्याच गोष्टीकडे जातें. निद्रा, मोह, विष व मद या चार अवस्था बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्या चार आहेत, एक नव्हेत, हें इसवी सनाच्या आठव्या शतकांतील या विदर्भीय कवीस पक्कें ठाऊक होतें. हें ज्ञान तत्कालीन वैद्यकाचें होय. आणि हाच भेद आज पुन्हां पुसट होऊं लागला आहे, म्हणून हें टिपण लिहिण्याचें कारण पडलें.

आजची स्थिति वाचकांच्या घरांतलीच आहे. चिंतेनें झोंप उडालेल्या मनुष्यास डॉक्टर चिंता शमविणारी एखादी गोळी लिहून देतात. ती घेत असतांच तो मनुष्य, किंवा त्याचे आप्त, दुकानांतून मेलाटोनिनची डबी आणतात, अश्वगंधेचें चूर्ण आणतात, तगर किंवा जटामांसी घातलेली एखादी ‘झोंपेची’ पुडी आणतात; आणि एकाच रात्रीं दोन्ही पोटांत जातात. गोळी औषध म्हणून मोजली जाते, डबी मात्र पूरक आहार म्हणून मोजणींतून सुटते. हा प्रकार मुंबई-पुण्यास जसा आहे तसाच तालुक्याच्या गांवींहि आहे. आम्ही वैद्य नव्हे, आणि कोणीं काय घ्यावें हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु दोन द्रव्यांचा असा संयोग पूर्वीं कसा करीत, तो लिहून कसा ठेवीत, आणि आज त्याची नोंद कोठें राहते, हा प्रश्न जुन्या कागदांशीं संबंध असणाऱ्यांचाच आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एकविसाव्या अध्यायीं निद्रेचा विचार आला आहे. रेचन, वमन, रक्तमोक्षण, उपवास, अवघड शय्या यांच्या जोडीनें भय, चिंता आणि क्रोध हीं झोंप घालविणारीं म्हणून तेथें स्पष्ट गणलीं आहेत. म्हणजे चिंता व अनिद्रा यांचा कार्यकारणभाव हा आजचा शोध नव्हे. उपाय सांगतांना चरक अभ्यंग, स्नान, मांसरस, दह्याबरोबर शालीचा भात, दूध, तूप, मद्य, अंग चेपणें, डोक्यास व मुखास लेप, सुखकर शय्या, शांत घर आणि योग्य काल अशी सरमिसळ यादी देतो. आणि तिच्या मध्यभागींच ‘मनाचें सुख’ हेंहि एक द्रव्य असल्याप्रमाणें घालून देतो. पुढें पंचविसाव्या अध्यायांत, ज्या त्या कार्यांत श्रेष्ठ असलेल्या पदार्थांच्या मालिकेंत, झोंप आणणाऱ्यांत म्हशीचें दूध अग्रगण्य सांगितलें आहे. जाणूनबुजून गुंगी आणणारें एकहि वनस्पतिद्रव्य या निद्रेच्या यादींत नाहीं. मद्य तेवढें आहे, आणि तें सुद्धां पुष्टिकर आहाराच्या पंक्तीस बसलेलें आहे. अमेरिकेंतील वैद्यांच्या एका प्रमुख मंडळानें २०१६ सालीं जुनाट अनिद्रेवर प्रथम उपाय म्हणून गोळी न सांगतां विचार, संवय व झोंपेची वेळ सुधारणारी चिकित्सा सांगितली, तेव्हां ती पुष्कळांस अगदीं नवी वाटली. चरकाची यादी वाचलेल्यास ती तितकी नवी वाटूं नये.

निद्रा व तत्सदृश अवस्था यांचा भेद आपल्या ग्रंथांनीं कसोशीनें केला आहे. सुश्रुत शारीरस्थानांत निद्रेहून तंद्रा निराळी काढतो: इंद्रियें आपापले विषय घेईनाशीं होतात, अंग जड होतें, जांभया येतात, आणि मनुष्य झोंपाळल्यासारखा वागतो, पण ती झोंप नव्हे. चरक मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा तीन चढत्या पायऱ्या सांगतो. पहिल्या दोहोंत दोषाचा वेग ओसरला कीं मनुष्य आपोआप शुद्धीवर येतो. संन्यासांत तो लांकडासारखा पडतो व औषधावांचून उठत नाहीं. भवभूतीच्या काळाच्या आसपासचा माधवकर हाच विभाग आपल्या निदानग्रंथांत घेतो. पुढें शार्ङ्गधरानें द्रव्यांच्या बाजूनें तीच रेषा आखली. जें पचण्यापूर्वींच सर्व शरीर व्यापतें तें ‘व्यवायि’, आणि त्याचीं उदाहरणें भांग व अफू. जें तमोगुणाच्या प्राबल्यानें बुद्धि लोपवितें तें ‘मदकारी’, आणि त्याचें उदाहरण मद्य. भांग आणि अफू झोंप आणतात हें त्यास ठाऊक नव्हतें असें म्हणवत नाहीं. परंतु त्यानें त्यांची ओळख करून दिली ती झोंपेवरून नव्हे, तर त्यांच्या झपाट्यावरून.

आतां योगांकडे वळूं. आपल्या संग्राहकांच्या हातीं येणारीं वैद्यकाचीं बाडें बहुधा फुटकळ असतात. मध्येंच एखादा हिशेब, मध्येंच मंत्र, मध्येंच ‘झोंप न ये त्यास’ अशा मथळ्याखालीं दोन ओळी. अशा ओळींत तीन गोष्टी शोधाव्या लागतात: द्रव्य, मान आणि अनुपान. अनुपान म्हणजे औषध कशाबरोबर घ्यावें तें. मध, तूप, गूळ, दूध, ताक, उष्णोदक यांपैकीं काय, यानें गुण पालटतो अशी वैद्यांची श्रद्धा होती, म्हणून तें सहसा वगळीत नसत. पिंपळमुळाचें चूर्ण गुळांत कालवून चाटावें, म्हणजे फार दिवस नष्ट झालेली झोंप येते, हा मध्ययुगीन संग्रहांतील प्रसिद्ध योग घ्या. त्यांत गूळ हें केवळ गोडीसाठीं घातलेलें नाहीं. योगाचें तें दुसरें अंग आहे. घरोघरच्या आजीबाईंनीं सहाणेवर उगाळून दुधांतून दिलेलें जायफळहि याच पद्धतीचें. जायफळाचे किती वेढे उगाळावयाचे याचें मान त्या बोटांवर मोजीत.

परंतु नांवावरून योग ओळखणें किती फसवें आहे, याचा उत्तम दाखला या जायफळांतच मिळतो. शार्ङ्गधरसंहितेंत जातीफलादि चूर्ण म्हणून एक योग आहे. नांव ऐकून वाटावें कीं हें सौम्य, सुगंधी, मुलाबाळांस चालणारें कांहीं असेल. घटक पाहूं लागलें कीं जायफळ, लवंग, वेलची, तमालपत्र, दालचिनी, नागकेशर, कापूर, चंदन, तीळ, वंशलोचन, तगर, आंवळा, तालीस, पिंपळी, हिरडा असें करीत वीस द्रव्यें येतात. आणि मग सूत्र येतें कीं या सर्वांच्या वजनाइतकी भांग घ्यावी व त्या सर्वांइतकी साखर. म्हणजे भांग हा मिश्रणाचा चौथा हिस्सा, आणि ज्याच्यावरून नांव पडलें तें जायफळ एक ऐंशींश. हा योग मुळांत ग्रहणी, खोकला, श्वास अशा विकारांवर सांगितला आहे, झोंपेवर नव्हे. तरी ‘जायफळ झोंप आणतें’ एवढ्या समजावर ज्यानें कोणीं बाडांतला ‘जायफळादि’ उचलला, तो काय उचलीत आहे हें त्यास ठाऊक असावयास हवें. त्याच रात्रीं त्यानें डॉक्टरांची गोळीहि घेतली असेल तर गोष्ट अधिक बिघडते.

याचा दुसरा, अधिक कठोर दाखला मुंबईच्या गिरणगांवांत सांपडतो. मूल रडूं नये व आईस कामावर जातां यावें म्हणून अफू घातलेली ‘बाळगोळी’ देण्याची चाल तेथें इतकी रुळली होती कीं १९३१ सालच्या व्हिटले कमिशनास मुलांना अफू देण्याच्या चालीची दखल घ्यावी लागली. बाळगुटी आणि बाळगोळी हीं नांवें कानाला जुळीं बहिणी वाटतात. एकींत सहाणेवर उगाळलेलीं वेखंड, हळकुंड, खारीक, मुरडशेंग, दुसरींत अफू. मुलाची झोंप मात्र दोन्हींकडे सारखीच दिसत असे. राम जो प्रश्न स्वतःविषयीं विचारतो तो त्या मुलाविषयीं कोणी विचारला नाहीं.

युरोपीय वैद्यकानें हाच संयोग बाटलींत भरला. पोटॅशियम ब्रोमाइडाचा उपयोग लंडनच्या लोकॉकनें १८५७ सालीं अपस्मारावर जाहीर केला, आणि मज्जातंतूंचा क्षोभ शांत करणारें म्हणून तें लवकरच सर्वत्र पसरलें. क्लोरल हायड्रेट हें झोंपेचें औषध म्हणून बर्लिनच्या लीब्राइखनें १८६९ सालीं पुढें आणलें. एक मन निवविणारें, दुसरें झोंपविणारें. दोहोंची मोट बांधण्यास फार वर्षें लागलीं नाहींत. अमेरिकेंतील सेंट लुई येथील बॅटल आणि कंपनीचें ‘ब्रोमिडिया’ हें पेटंट औषध या मोटेचा नमुना होय. त्याच्या दर ड्रॅममध्यें क्लोरल व ब्रोमाइड प्रत्येकीं पंधरा ग्रेन, आणि भांग व खुरासनी ओवा यांचे अर्क प्रत्येकीं ग्रेनाचा आठवा हिस्सा असे. हें प्रमाण त्या कंपनीनें स्वतःच जाहिरातींत छापलें, एवढें श्रेय तिला दिलें पाहिजे.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांचा सिद्धयोगसंग्रह चाळला असेल, त्यांस हें प्रमाण वाचून एकदम दुसरें कांहीं आठवेल. यादवजी (१८८१–१९५६) मुंबईस वैद्यकी करीत. निर्णयसागराच्या चरकसंहितेचें १९४१ चें चक्रपाणिटीकेसह संस्करण त्यांचेंच; हस्तलिखितांच्या पाठभेदांचें काम किती निगुतीनें करावें याचा तो आदर्श आहे. त्यांच्या संग्रहांत सर्पगंधा घनवटी म्हणून एक योग आहे: सर्पगंधा मुख्य, तिच्या जोडीस खुरासनी ओवा, जटामांसी आणि भांग, आणि शेवटीं पिंपळमूळ. प्रयोजन अनिद्रा व उन्माद. आतां हा योग त्या अमेरिकन बाटलीशेजारीं ठेवून पाहावा. खुरासनी ओवा दोहोंत आहे. भांग दोहोंत आहे. क्षोभ शांत करणाऱ्या मुख्य द्रव्याची जागा एकींत ब्रोमाइडानें व दुसऱ्यांत सर्पगंधेनें घेतली आहे. एकानें दुसऱ्याचें पाहून केलें असें सुचविण्यास आम्हांजवळ कांहींहि आधार नाहीं, आणि तशी गरजहि नाहीं. चिंतेनें जागणाऱ्या रोग्यासमोर बसलेले दोन ठिकाणचे वैद्य एकाच युक्तीस येऊन पोंचले, इतकेंच. पिंपळमूळ तेवढें आपलें, जुन्या गुळाच्या योगांतलें, टिकून राहिलें.

येथें एक खुलासा आवश्यक आहे. सर्पगंधेचा झोंपेवरील व वेडावरील उपयोग ‘चरककालीन’ म्हणून सांगण्याची हल्लीं चाल पडली आहे. संहितांतील सर्पगंधा व आजची सर्पगंधा एकच काय याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत, आणि झोंपेकरितां तिचा उपयोग मोठ्या संहितांच्या निद्राप्रकरणांत येत नाहीं. तो लोकवैद्यकांतून वर आलेला दिसतो. बिहाराकडे तिला ‘पागल की बूटी’ म्हणत, हें तिचें खरें प्रशस्तिपत्र. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं उन्माद व रक्तदाब यांवरील तिचा गुण छापून प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं दिल्लीस सलीमुज्जमाँ सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनीं तिच्या मुळांतून क्षारोद वेगळे काढले आणि हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ त्यांपैकीं एकास ‘अजमलीन’ नांव दिलें. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील निबंध १९४९ सालीं ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकांत आला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथें सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनीं रिसर्पीन हें सार हस्तगत केलें. १९५४ सालीं न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनीं मनोरुग्णांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि १९५७ सालीं वकील व क्लाइन या दोघांसहि लास्कर पारितोषिक मिळालें. ‘शांत करणारी औषधें’ असा जो एक नवा वर्ग त्या दशकांत जगभर बोलला जाऊं लागला, त्याच्या मुळाशीं हें मूळ होतें. पुढें रिसर्पीन घेणाऱ्या कांहीं रोग्यांस गाढ विषण्णता येते असे दाखले निघाले. त्यांचा अर्थ काय याबद्दल वाद अजून चालू आहे, पण औषध मागें पडलें तें पडलेंच. विषण्ण मनुष्य शांत दिसतो, ही गोष्ट पहिल्या उत्साहांत नजरेआड झाली होती.

रिसर्पीनाची जागा घेणारीं औषधें कारखान्यांतून आलीं. हॉफमन-ला रोश कंपनींतील लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेंतून निघालेलें क्लोरडायाझेपॉक्साइड १९६० सालीं बाजारांत आलें, डायाझेपाम १९६३ सालीं. अल्प्राझोलाम हें याच कुळांतलें पुढचें. हीं द्रव्यें मेंदूंतील ‘गाबा’ या शामक द्रव्याचें कार्य वाढवितात. त्यांच्या मात्रेची कल्पना आपल्या जुन्या मानांत करून पाहण्याजोगी आहे. बारा माशांचा तोळा व आठ गुंजांचा मासा धरला तर गुंज सुमारें १२१ मिलिग्रॅम होते. अल्प्राझोलामची लहान गोळी पाव मिलिग्रॅमची. एका गुंजेच्या वजनांत तशा जवळजवळ पांचशें मात्रा मावतात. ज्या समाजाचा हात चिमूट व गुंज या मानांवर बसलेला, त्याच्या हातीं हें द्रव्य आलें आहे.

मेलाटोनिनाचें मूळ निराळें आहे. येल येथील ॲरन लर्नर यांनीं १९५८ सालीं तें गुरांच्या मेंदूंतील पिनिअल ग्रंथींतून वेगळें केलें. अंधार पडला हें शरीरास कळविणें हें त्याचें काम. तें स्वतः गुंगी आणीत नाहीं. १९९४ च्या अमेरिकन कायद्यानें त्यास पूरक आहारांत स्थान मिळालें आणि तें वाणसामानाच्या दुकानांत पोंचलें. गुण किती, म्हणाल तर २०१३ सालच्या एका परीक्षणांत एकोणीस प्रयोग एकत्र केले असतां झोंप लागण्याची वेळ सरासरी सात मिनिटांनीं घटलेली आढळली. २०१७ सालीं अमेरिकेंतील निद्रावैद्यांच्या संस्थेनें प्रौढांच्या अनिद्रेवर मेलाटोनिन वा तगरकुळांतील व्हॅलेरियन यांपैकीं एकाचीहि शिफारस केली नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेंतील मेलाटोनिनच्या पंचवीस चघळगोळ्या तपासल्या, तेव्हां प्रत्यक्ष अंश लेबलावरील अंकाच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत निघाला. नक्कलकारांच्या हातून एवढा पाठभेद झाला असता तर आपण ती प्रत भ्रष्ट म्हणून बाजूस ठेविली असती.

दोन्ही एकत्र घेतल्यास काय होतें? उत्तर जोडीवर अवलंबून आहे. व्हॅलेरियन व अश्वगंधा यांचा परिणाम कांहीं अंशीं त्याच गाबाच्या वाटेनें होतो असें मानतात. तेव्हां चिंताशामक गोळीबरोबर तीं घेणें म्हणजे एकाच दारानें दोघांस आंत सोडणें, आणि गुंगीची बेरीज होते. मेलाटोनिन दुसऱ्या दारानें येतें, तरी झोल्पिडेम या झोंपेच्या गोळीसह घेतलेल्यांत तासाभरानें लक्ष, स्मरण व हालचालींचा मेळ अधिक ढासळलेला दिसला. वृद्ध मनुष्य रात्रीं उठून पडतो आणि खुबा मोडतो, तेव्हां हा मेळ ढासळणें म्हणजे काय तें कळतें. उलट बाजूचाहि एक दाखला आहे. इस्राएलांत १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, अशा गोळ्यांची संवय सोडूं पाहणाऱ्या अठरा जणांपैकीं चौदा जणांनीं मेलाटोनिनच्या आधारानें त्या सोडल्या. नुसत्या दिखाऊ गोळीवर सोळांपैकीं चौघांनींच. पुढच्या प्रयोगांतून याला तसा दुजोरा मिळाला नाहीं. पण लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं तेथें दोन द्रव्यें एकत्र आलीं तीं एकास हळूहळू दूर करण्यासाठीं, वैद्याच्या नजरेखालीं व लिहून ठेवून. घरीं कोणीं ‘आतां पुडी आहे’ म्हणून जुनी गोळी एकाएकीं बंद केली, तर झटके येण्यापर्यंत मजल जाते. मद्य तर या सर्वांहून वाईट भागीदार. झाडीपट्टींत मोहफुलाची दारू दुर्मिळ नाहीं. गोळी आणि ती एका रात्रीं पोटांत गेलीं कीं श्वासच मंदावतो. चरकाच्या मद, मूर्च्छा, संन्यास या पायऱ्या तेथें क्रमानें पाहावयास मिळतात.

आतां नोंदीचा प्रश्न. औषधविषयक नियमांत २०१३ सालीं दुरुस्ती होऊन अनुसूची एच-१ आली व १ मार्च २०१४ पासून ती अंमलांत आहे. अल्प्राझोलाम, डायाझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम हीं तींत आहेत. हीं विकतांना दुकानदारानें डॉक्टरांचें नांव व पत्ता, रोग्याचें नांव, औषध व संख्या निराळ्या वहींत लिहावयाची आणि ती वही तीन वर्षें जपावयाची. दप्तराच्या दृष्टीनें ही चांगली वही आहे. पण तींत योगाचें एकच अंग उतरतें. त्याच गल्ल्यावर त्याच रोग्यानें घेतलेली अश्वगंधेची डबी कोणत्याहि वहींत येत नाहीं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती नसते, आणि विचारल्यावांचून रोगी ती सांगत नाहीं. उद्यां त्या रात्रीचा इतिहास कोणास लिहावयाचा झाला, तर द्रव्य व मान सांपडेल, अनुपान सांपडणार नाहीं. दोनशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या खेड्यांतील वैद्याच्या मोडी ओळींत मात्र तिन्ही सांपडतात. त्या वैद्याचें ज्ञान आजच्याहून श्रेष्ठ होतें असा याचा अर्थ कोणी घेऊं नये. अफू व बचनाग त्यानें किती जणांस बेताबाहेर दिला असेल, तेंहि त्या ओळींत नाहीं.

राहतां राहिला आपल्या संग्राहकांचा भाग. बाडांतील योग हल्लीं सुटे करून छापले जातात, छायाचित्रें हातोहात फिरतात, आणि कोणीतरी तीं करून पाहतो. बहुधा डॉक्टरांची गोळी चालू असतांनाच. म्हणून झोंपेचा योग प्रसिद्ध करतांना अनुपानाची व प्रमाणाची ओळ गाळूं नये, आणि फाटली असल्यास ‘येथें पत्र त्रुटित’ असें स्पष्ट छापावें. अंदाजानें भरूं नये. भांग, अफू व खुरासनी ओवा (ग्रंथांतरीं ‘पारसीक यवानी’) हीं आयुर्वेदीय विषद्रव्यांच्या अनुसूचींत, म्हणजे ई-१ मध्यें, असून त्यांच्या औषधांवर वैद्याच्या देखरेखीचा इशारा छापणें कायद्यानें आवश्यक आहे. तोच इशारा छापील बाडांतहि तळटीपेंत दिल्यास कांहीं बिघडणार नाहीं. आणि द्रव्यांच्या नांवांची खात्री करावी. महाराष्ट्रांत ‘तगर’ म्हटलें कीं अंगणांतलें पांढऱ्या फुलांचें झुडूप डोळ्यांसमोर येतें. योगांतलें तगर तें नव्हे. तें हिमालयाकडचें सुगंधी मूळ, काष्ठौषधींच्या दुकानांत ‘तगरगंठोडा’ म्हणून मिळतें. ‘गंठोडा’ शब्दानेंहि घोटाळा होतो, कारण गुजराथी दुकानदार पिंपळमुळासहि गंठोडाच म्हणतात. एका बाडांत तगर, दुसऱ्यांत तगरगंठोडा आणि तिसऱ्यांत नुसता गंठोडा लिहिला असेल, तर तीं तीन नांवें तीन निरनिराळ्या ओळींत, जशींच्या तशीं, उतरून घ्यावीं.